झाडू तोच, पगार दोन: कोणत्या कामाला किती पैसे, हे ठरवतं कोण?

जमाखर्च (धागाकर्ते)

परवा इथे दुसऱ्या एका धाग्यावर शिक्षक-नर्स-सैनिक विरुद्ध क्रिकेटपटू-नट असा नेहमीचा सामना रंगला होता. "समाजाला ज्यांची खरी गरज, त्यांनाच पैसे कमी" असं एका बाजूचं म्हणणं. "मागणी-पुरवठा, दुसरं काय" असं दुसऱ्या बाजूचं. मला दोन्ही पटत नाहीत, आणि त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे.

मी एका महापालिकेच्या लेखा विभागात होतो. घनकचरा खात्याची पगारबिलं कित्येक वर्षं माझ्या टेबलावरून गेली. बिलं दोन प्रकारची. एक कायम सेवकांचं: मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडं, धुलाई भत्ता, घाणभत्ता, कपातीच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधी, पतपेढीचा हप्ता, विमा. दुसरं ठेकेदाराचं: इतकी माणसं गुणिले इतके दिवस गुणिले इतका दर, वर ठेकेदाराचं सेवाशुल्क. या दुसऱ्या बिलाला माणसांची यादी आणि पीएफचं चलन जोडावं लागतं. यादी जोडलेली असायची. ती कोणी वाचत नसे.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर या. आरोग्य कोठीवर सकाळी सहाला हजेरी. मुकादम बीट, म्हणजे झाडायचे पट्टे, वाटून देतो. चौकापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता एका कायम बाईकडे, तिथून पुढे भाजीबाजारापर्यंतचा ठेक्यावरच्या बाईकडे. बाजाराचा तुकडा जास्त घाणीचा, हे सांगायला नको. पहिलीला सगळे भत्ते धरून चाळीस-पंचेचाळीस हजार. दुसरीच्या हातात पंधराच्या आसपास, तेही ठेकेदाराचं बिल निघालं की. पहिली रजेवर गेली की मुकादम दुसरीलाच सांगायचा, "तेवढं पुढचंही मारून घे."

शिक्षण सारखं, कौशल्य सारखं, रस्ता तोच, धूळ तीच. समाजाला होणारा उपयोग मोजायचा म्हटला तर बाजाराकडच्या बाईचा जास्तच भरेल. मग तिप्पट फरक आला कुठून? पहिली लागली तेव्हा भरती चालू होती आणि युनियन जागी होती. दुसरी आली तोवर भरती बंद आणि टेंडर सुरू. बस्स.

शाळेतही हेच. नव्या शिक्षकाला आधी ठरावीक मानधनावर ठेवणारी शिक्षणसेवक योजना २००० साली आली. सेवकाला सुरुवातीला प्राथमिकला महिना ३,००० रुपये मिळत. १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. तीन वर्षं हे असंच. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी तोच धडा शिकवून कित्येक पट घेतात.

तेव्हा "समाज कोणाला किंमत देतो" हा प्रश्न मला जरा हवेतला वाटतो. बिलावर समाजाची सही नसते, कोणातरी माणसाची असते. तुमच्या कामाच्या ठिकाणी असे दोन पगार आहेत का आणि ते कशाने ठरले, ते लिहा. क्रिकेटपटूंना कृपया बाजूला ठेवा. (कोणी ठेवणार नाही, माहीत आहे.)

पेठेतला_पुणेकर

ऋषभ पंत. २७ कोटी. नोव्हेंबर २०२४. घ्या, झाली सुरुवात.

ढगातला_हमाल

जमाखर्च काका, मागणी-पुरवठ्याला इतक्या सहज मोडीत काढू नका. तुमच्या ठेक्यावरच्या बाईचे पंधरा हजार हाच बाजारभाव. कायमवाल्या बाईचा पगार सरकारी कृपेने फुगलेला आहे. म्हणजे सिद्धांत निम्म्या रस्त्याला तरी लागू पडला की!

आमच्या आयटीत बघा. फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. मी पंधरा वर्षांपूर्वी लागलो तेव्हाही जवळपास तेवढंच होतं. मधल्या काळात पुण्यात फ्लॅटचे भाव कुठे गेले, ते सांगत बसत नाही. का वाढला नाही? कारण गल्लोगल्ली इंजिनिअरिंग कॉलेजं. एका जागेला शंभर पोरं उभी. उलट, २०२३-२४ मध्ये इन्फोसिसच्या सीईओंना ६६ कोटींच्या वर मिळाले. तसे लोक कमी, म्हणून भाव जास्त. क्रूर वाटेल, पण असंच आहे.

कायद्याचं_बोला

@ढगातला_हमाल, ते पंधरा हजार "बाजारभाव" नाहीत हो. ते सरकारने ठरवलेल्या किमान वेतनातून निघालेले आकडे आहेत, वजा ठेकेदाराने कापलेले. खरा बाजारभाव काढायचा तर आधी किमान वेतनाचा नियमच उचलून बाजूला ठेवावा लागेल, आणि मग जो आकडा येईल तो तुम्हाला इथे लिहवणार नाही.

दुसरं. तात्पुरत्या कामगाराने कायम कामगाराचंच काम केलं तर वेतनही तेवढंच, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. निकाल आहे, अंमल होत नाही, कारण प्रत्येकाने कोर्टात जाऊन काम सारखंच आहे हे सिद्ध करायचं. सकाळी सहाच्या हजेरीला जाणारी बाई हे कधी करणार? मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायम होण्याचा हक्क मिळाला, पण मागे कचरा वाहतूक श्रमिक संघासारखी वर्षानुवर्षं लढणारी संघटना होती.

आणि सीईओंचं म्हणाल तर कंपनी कायदा २०१३, कलम १९७(१२). शेअर बाजारात नोंद असलेल्या प्रत्येक कंपनीला संचालकाचा मोबदला पगाराच्या क्रमवारीत बरोबर मधल्या कर्मचाऱ्याच्या (मीडियन) किती पट आहे, ते वार्षिक अहवालात छापावं लागतं. स्वतःच्या कंपनीचा आकडा एकदा काढून बघा. तुलनेला सांगतो: सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारचं सर्वांत कमी मूळ वेतन १८,००० आणि कॅबिनेट सचिवांचं २,५०,०००. चौदा पट. एवढा मोठा देश चालवणारा माणूस चौदा पटीत मिळतो.

ढगातला_हमाल

कॅबिनेट सचिवांना दिल्लीत बंगला, गाडी आणि मरेपर्यंत पेन्शन असतं. ते चौदात धरलंत का? :)

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायची आणि पाच-सहा महिने कारखान्यावर फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी टनाला साडेतीनशेच्या वर थोडा. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. तोडायचा, सोलायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायचा. रात्री दोनला गाडी आली तर रात्री दोनला. एक दिवस खाडा झाला तर उलट दंड.

बाईनं पाळीच्या दिवसात घरी राहायचं म्हटलं तरी खाडाच. गर्भपिशव्या काढायचं प्रकरण २०१९ ला पेपरात आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला धक्का बसला. विधिमंडळात आकडा सांगितला: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया. आम्हाला धक्का आकड्याचा बसला, गोष्टीचा नाही.

आता जमाखर्च साहेबांच्या सवालाचं बोलतो. ऊस एकच, त्याच्यावर तीन जणांचं पोट. कारखान्याला साखर. शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर: २०२४-२५ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागं ३,४०० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा, आणि चौदा दिवसांत द्यायची असा १९६६ चा आदेश. पाळत नाहीत ते सोडा, पण कागद आहे, साखर आयुक्ताच्या दारात बसता येतं. आणि तोडणाऱ्याला? तीन वर्षांनी एकदा पुढारी आणि साखर संघ बैठकीला बसतात, बाहेर येऊन आकडा सांगतात. मजुराचा करार मुकादमाशी, मुकादमाचा कारखान्याशी. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगारच नाहीत.

ह्यात टंचाई कुठं बसवता? हार्वेस्टर आले तरी मजूर कमी पडतो म्हणून कारखाने ओरडत्यात. मजूर कमी पडतो तर भाव दुप्पट का होत नाही? कारण तो उचलीत बांधलेला असतो. मधूनच दुसरीकडं जायची सोय नाही.

कांदाभजी

याच शेतकऱ्याने शेजारच्या वावरात कांदा लावला की त्याला एफआरपी वगैरे काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले कांद्याला ३६ पैसे, टोमॅटोला ३३ पैसे शेतकऱ्याकडे जातात असं निघालं. भाव जरा चढला की निर्यातबंदी. डिसेंबर २०२३ च्या बंदीने लासलगावच्या कांदा बाजाराचं काय झालं ते आठवत असेल. तेच रान, तोच घाम, पीक बदललं की हक्क बदलला. बालाघाट, प्रतिसाद फार आवडला.

आशाची_लेक

वाचनमात्र होते, आज लिहिते.

माझी आई आशा सेविका आहे. हजार लोकसंख्येमागे एक आशा. २००५ पासून ही योजना आहे आणि कागदावर त्या आजही स्वयंसेविका. पगार नाही, कामागणिक मोबदला. उदाहरण देते. दवाखान्यात बाळंतपण झालं की घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची. वजनाची झोळी आणि थर्मामीटर सोबत. बाळ अंगावर नीट पितंय का, नाळ ओली आहे का, आईला ताप आहे का, सगळं फॉर्ममध्ये भरायचं. सहा भेटींचे मिळून २५० रुपये. भेटीचे नाही, सहा भेटींचे.

आमच्या वाडीवर एका बाळाचं वजन सातव्या दिवशी वाढण्याऐवजी उतरलेलं माझ्या आईने पकडलं. अंग थंडगार. तिने ते बाळंतिणीच्या पोटाशी उघडं बांधायला लावलं, जीप मिळवली, तालुक्याला नेलं. मूल आता शाळेत जातं. त्या धावपळीचा मोबदला कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला. प्रमाणपत्राचा फोटो आईच्या ग्रुपवर फिरला. ऑक्टोबर २०२३ पासून संप, मग थंडीत आझाद मैदान, आणि मार्च २०२४ मध्ये राज्याने महिन्याला ५,००० रुपये वाढ दिली. गौरवानंतर दीड वर्षं काही हललं नव्हतं, मैदानात बसल्यावर हललं. जमाखर्च काका म्हणतात ते मला पटतं ते यासाठी.

पण एक सांगू? आईला संपाचे दिवस फार जड गेले. "या आठवड्यात दोघी भरल्यात, त्यांच्याकडे कोण जाईल" म्हणून ती मैदानातून फोन करत होती. आयटीतल्या माणसाने काम थांबवलं तर प्रोजेक्ट लांबतो. हिने थांबवलं तर वाडीवरची बाई अडते, मंत्र्याचं काहीच अडत नाही. जे काम सोडवत नाही, त्याचे पैसे कमीच राहतात असं माझं निरीक्षण आहे. नर्सेसचंही तेच, अंगणवाडीताईंचंही तेच. आणि या सगळ्या बायका आहेत, हा योगायोग मानायचा का?

पेठेतला_पुणेकर

ताई, माझे शब्द आज पहिल्यांदाच संपले. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

दुकानदार

सगळे एका सुरात गातायत म्हणून थोडा बेसूर लावतो. माझ्याकडे नऊ माणसं आहेत, पगार मी देतो, सही माझी असते. तेव्हा सही करणाऱ्याचंही ऐका.

जमाखर्च, तुमच्या कायम बाईंचं पूर्ण चित्र लिहा ना. आमच्या भागात कायम सफाई कामगारांपैकी काही जण कोठीवर हजेरी लावून घरी जातात आणि आपल्या जागी दुसऱ्याला पाच-सात हजारांत उभं करतात. मुकादमाला त्याचा वाटा. म्हणजे पालिका पंचेचाळीस हजार मोजते, झाडणाऱ्याला सात मिळतात, मधले अडतीस हजार नुसते हजेरीपुस्तकावरच्या नावाचे. हे पैसे माझ्या मिळकत करातून जातात. सगळ्यांना कायम करा म्हणणं सोपं. आस्थापना खर्चातच पालिका बुडाली तर पाइपलाइन कशातून टाकायची?

जमाखर्च (धागाकर्ते)

@दुकानदार, प्रकार खरा आहे. आमच्याकडेही होता, आणि आळा घालायला चेहरा ओळखणारी हजेरी आली तेव्हा कोठ्यांवर काय गोंधळ उडाला ते मी पाहिलं आहे. पण यातून निघतं काय? ज्याच्याकडे कायम नोकरीचा हक्क आहे तोच खाली छोटा ठेकेदार होतो. पुन्हा पैसे झाडण्याचे नाहीतच, जागेचे आहेत. ठेकेदाराचं सेवाशुल्क आणि तुमचे अडतीस हजार यांत मला जातीचा फरक दिसत नाही, फक्त एक टेंडर भरून घेतो.

निळी_शाई

"जातीचा फरक" हा शब्दप्रयोग या धाग्यावर सहज येऊन गेला, पण खऱ्या जातीबद्दल इतक्या प्रतिसादांत कोणी लिहिलं नाही. गटारात उतरणारे कोण आहेत? त्या कामाला उपयुक्तता, कौशल्य, टंचाई काहीही लावा, भाव जन्मानेच ठरलेला. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. गटारात मरण आलं तर भरपाई २०१४ च्या निकालात १० लाख होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३० लाख केली. जिवंतपणी उतरायचे काही शे रुपये.

लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. आमच्या वस्तीत त्यावर घरं उभी राहिली, मी स्वतः त्याच पैशांवर शिकलो, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. पण माझा चुलतभाऊ बी.कॉम. होऊन बापाच्या जागी झाडूवरच लागला. कारण बाहेर बारा हजार मिळत होते आणि इथे चाळीस. कायम पगार चांगला असला की लोक "लाड चाललेत" म्हणतात. त्या पगाराला बाकीच्या जातींतून किती जण रांगेत उभे आहेत तेही मोजा. कार्यालयीन शिपायाच्या जागेला पीएचडीवाले अर्ज करतात. गटाराच्या जागेला?

मशीद_बंदर

उपाय सापडलेलाच नाही असं नका समजू. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. माझे वडील टोळीत होते. पाठीवर गोणी वाहणं, यापेक्षा "अकुशल" काम कोणतं सांगाल? हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो, सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. त्यामुळे "हा आमचा कामगारच नाही" हे सगळे व्यापारी म्हणू शकत. अण्णासाहेब पाटलांनी लढून मंडळ उभं करायला लावलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर टक्केवारीने लेव्ही (जादा आकार) मंडळात भरायची. मंडळ पगार वाटणार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा त्या लेव्हीतून. मालक अनेक असले तरी पासबुक एक. बालाघाट, तुमच्या कारखान्याने जे सांगितलं त्याला हे सरळ उत्तर आहे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हेच केलं.

वडिलांच्या पासबुकावर आम्ही दोन भावंडं शिकलो. आता खोट्या माथाडी संघटना कारखान्यांच्या गेटवर खंडणी मागतात, त्यानेच कायदा बदनाम झाला. ते निस्तरायलाच हवं.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितेय. ढगातला_हमाल यांच्या टंचाईबद्दल. इथे नर्सेसची भयंकर टंचाई आहे. पगार बरा आहे, पण टंचाईच्या मानाने वाढला का? त्याऐवजी बाहेरून माणसं आणायची वाट काढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला, नर्सपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत १०,००० तरुण पाठवायचे म्हणून. टंचाईवर भाव वाढवायचा की पुरवठा वाढवायचा, हेही कोणीतरी ठरवतंच.

पण तळाचं चित्र वेगळं. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो. कचरा गाडीवरचा माणूस सरकारी वेतनकरारात असतो, आमच्या बिल्डिंगमध्येच एक राहतो, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यांची संघटना वेर्डीने इशारा-संप केले तेव्हा कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या फुटपाथवर पडून होत्या. कोणी नाक मुरडलं नाही असं नाही, मुरडलं. पण पगारवाढ मिळाली.

क्रीडाप्रेमी_सांगली

काका ठेवा म्हणाले तरी क्रिकेट आणतोच, मुद्द्यासाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने महिलांची मॅच फी पुरुषांइतकी केली: कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. आदल्या रात्री प्रेक्षक वाढले होते का? नाही. मंडळाने ठरवलं. पण वार्षिक कराराला हात लावला नाही: तेव्हा पुरुषांत वरच्या श्रेणीला ७ कोटी, महिलांत ५० लाख. एकाच मंडळाने एकीकडे समान केलं, दुसरीकडे चौदा पट ठेवलं.

ढगातला_हमाल

पुन्हा चौदा पट! बरं, टंचाईचा मुद्दा मी जरा सैल करतो, सोडत मात्र नाही. आशाताईंच्या मुलीने लिहिलेलं "सोडवत नाही म्हणून भाव पडतो" हे मला पुस्तकात कधी दिसलं नव्हतं. पण मग सामान्य माणसाने करायचं काय? मी काही वेतन आयोग नाही.

जमाखर्च (धागाकर्ते)

तुम्ही सोसायटीत राहता ना? मग आहात.

आमच्या सोसायटीचं सांगतो. चार वॉचमन, बारा तासांची पाळी. मागच्या वार्षिक सभेत तीन एजन्सींची कोटेशनं आली. सवयीने कागद-पेन्सिल घेतली. किमान वेतन, विशेष भत्ता, मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्के, पाळीतल्या वरच्या तासांचे दुप्पट. सर्वांत कमी कोटेशन नुसत्या या बेरजेच्याही खाली होतं. एजन्सीचा नफा सोडाच. म्हणजे ते पैसे वॉचमनच्या खिशातूनच येणार, दुसरीकडून येणं शक्यच नव्हतं. सभेत हे मांडलं. नियमात बसणाऱ्या कोटेशनसाठी फ्लॅटमागे महिन्याला दोनशेच्या आत जास्त पडत होते. सभासदांमध्ये दोन प्राध्यापक, एक डॉक्टर, कामगार कायद्याचे एक निवृत्त अधिकारी. मतदान झालं. सर्वांत कमी दर मंजूर.

पेठेतला_पुणेकर

आणि लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट? तेही सर्वांत कमी दरालाच?

जमाखर्च (धागाकर्ते)

नाही. मूळ कंपनीलाच, जास्त पैसे मोजून. एकमताने.

ढगातला_हमाल

आमची सभा पुढच्या महिन्यात आहे. एजन्सीकडून नेमकं काय मागायचं, ते कोणी लिहील का?

कायद्याचं_बोला

वॉचमनच्या नावांसकट महिन्याचं पीएफ चलन, ईएसआय चलन, पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा आणि हजेरीपट. करारात लिहून घ्या: हे चारही कागद बिलासोबत आले नाहीत तर बिल थांबेल. आणि चलनातली नावं गेटवरच्या माणसांशी ताडून बघा, तिथेच गफलत असते. कराराचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.